खाकी कागदाचा कंदील

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा हा चित्रकलेच्या शिक्षकाचा आठवडा. एरवी वर्षभर ज्याचा तास गणिताचे आणि इंग्रजीचे शिक्षक ‘आमचा थोडा भाग राहिला आहे’ म्हणून हक्काने मागून घेतात, त्या माणसाला त्या आठवड्यात एकाएकी भाव चढतो. वर्गभर कामट्या, खळीच्या वाट्या, दोरा आणि पतंगी कागद यांचा पसारा पडलेला असतो, आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध मी एखाद्या मांडववाल्यासारखा हुकूम सोडीत उभा असतो.

2018 सालची गोष्ट. तलासरी तालुक्यातल्या ज्या शाळेत मी शिकवतो, तेथे त्या वर्षी पतंगी कागद कमी पडला. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाच्या वाट्याला काहीच उरले नाही. त्याने कुरकुर केली नाही. पुस्तकांना कव्हर घालायचा जाड खाकी कागद दप्तरातून काढला आणि आपल्या कामट्यांच्या सांगाड्यावर तोच चिकटवून टाकला. सारे कंदील तयार झाल्यावर खिडक्या लावून घेऊन आम्ही एकेकात विजेचा पिवळा दिवा सोडून पाहू लागलो. लाल उजळला, हिरवा उजळला, मुलांनी टाळ्या पिटल्या. खाकी कंदिलात दिवा सोडला आणि काहीच झाले नाही. एक काळा ठोकळा नुसता लोंबत राहिला. वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. तो मुलगा मात्र पुढे आला, त्याने दोन्ही तळवे त्या कागदाला लावले आणि म्हणाला, “गुरुजी, गरम लागतोय. आत दिवा आहे की!”

त्या मुलाला ठाऊक नव्हते, आणि मलाही त्या क्षणी सुचले नाही, की आकाशातल्या एका फार मोठ्या शोधाची रीत त्याने तळहातांनी करून दाखवली होती.

त्या दिवसांत मी क्वेसारांविषयी वाचत होतो. वाचत होतो म्हणजे चाचपडत होतो. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पुढे चित्रकलेची परीक्षा दिली आणि खडू हाती घेतला. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून काही गणित येऊ लागत नाही. परंतु जयंत नारळीकरांच्या ‘आकाशाशी जडले नाते’ने तरुणपणी जो नाद लावला तो सुटला नाही. 2025 च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा आमच्या घरात, त्यांना कधी न भेटलेल्या माणसाच्या घरात, दिवसभर कोणी मोठ्याने बोलले नाही. त्यांनी आणि अजित केंभावी यांनी मिळून क्वेसारांवर इंग्रजीत एक भला थोरला ग्रंथ लिहिला आहे, 1999 सालचा. तो मी उघडून पाहिला आणि देवळातून पाया पडून परतावे तसा परत मिटला.

क्वेसार म्हणजे काय ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. कन्या राशीत एक साधीशी चांदणी आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. 1963 साली मार्टिन श्मिट यांनी तिच्या प्रकाशाचे पृथक्करण केले आणि ती चांदणी नसून दोनशे कोटींहून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेली वस्तू आहे असे त्यांच्या ध्यानात आले. इतक्या दूरवरून दिसायची तर तिचे तेज अख्ख्या आकाशगंगेच्या कितीतरी पट हवे. आज ज्योतिषशास्त्रज्ञ असे मानतात की, दीर्घिकेच्या पोटात एक प्रचंड कृष्णविवर असते आणि त्यात पडणारा वायू पडता पडता तापून असा पेटतो. ज्यातून प्रकाश सुटत नाही, त्याच्या उंबरठ्यावर विश्वातली सर्वांत मोठी रोषणाई, हे विधात्याचे विनोद मला फार आवडतात.

हे झाले उघड्यावरचे क्वेसार. माझे मन गुंतले ते झाकलेल्यांत.

तांबड्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारा आणखी एक प्रकाश आहे, हे विल्यम हर्शेलने 1800 साली शोधले ते कसे? लोलकातून सूर्याचे रंग पाडले, प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवला, आणि तांबड्याच्या बाहेर, जेथे अंधारच आहे असे डोळा सांगत होता तेथे, पारा सर्वांत वर गेला. आमच्या पोराने तळवे लावले, हर्शेलने पारा लावला, एवढाच फरक. हा अवरक्त प्रकाश. 1983 साली अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून त्या प्रकाशात आकाश पाहणारी एक दुर्बीण वर पाठवली. ती द्रवरूप हेलियममध्ये बुडवून गार ठेवावी लागे, कारण दुर्बीण स्वतः ऊबदार असली तर तिला स्वतःचीच ऊब सगळीकडे दिसणार. दहा महिन्यांत हेलियम संपला आणि ती आंधळी झाली. दुसऱ्याची ऊब मोजायची तर आधी आपण गार व्हावे लागते, हे वाक्य मी तेव्हा वहीत टिपून ठेवले होते. टिपून ठेवले म्हणजे उमगले असे नव्हे, हे पुढे येईलच.

त्या दहा महिन्यांत जे सापडले ते नवलाचे होते. साध्या छायाचित्रांत मळकट डागांसारख्या दिसणाऱ्या कित्येक दीर्घिका अवरक्त प्रकाशात अक्षरशः धगधगत होत्या. त्यांतल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिकांचे तेज एक लाख कोटी सूर्यांहून अधिक, आणि त्यातले जवळजवळ सगळे डोळ्यांना न दिसणारे. मधे आड होती धूळ. अगरबत्तीच्या धुराइतकी बारीक, वाळूच्या आणि काजळीच्या जातीची. ती आतला प्रकाश गिळते, तापते, आणि गिळलेले सारे ऊब म्हणून बाहेर टाकते. ऊब म्हणायची आपली एक रीत. त्यातली बरीचशी धूळ उणे दोनशे अंशांच्याही खाली असते. पण ती इतकी अफाट पसरलेली की, त्या गारठ्याचीही बेरीज सूर्यांत करावी लागते. खाकी कागदाने प्रकाश अडवला, पण दिव्याचे देणे त्याला चुकवता आले नाही.

ही धूळ आली कोठून? येथे माझ्या मनातल्या नीतिकथेला पहिला तडा गेला. मला वाटत होते, आत एक तेजस्वी जीव आणि बाहेर त्याला दडपणारी दुष्ट धूळ. तसे नाही. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात, त्यांचा वायू आणि धूळ मध्याकडे ओढली जाते. त्या वायूनेच कृष्णविवराचे पोट भरते आणि क्वेसार पेटतो. त्याबरोबर आलेल्या धुळीनेच तो झाकला जातो. डेव्हिड सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली मांडले की, पुढे क्वेसारच आपल्या झंझावाताने ही धूळ उडवून लावतो आणि उघडा होतो. म्हणजे झाकणारे आणि झाकलेले एकाच घरचे. सप्तर्षींच्या तारकासमूहात सुमारे अठ्ठावन्न कोटी प्रकाशवर्षांवर मार्केरियन 231 नावाची एक दीर्घिका आहे. तिच्या धुळीचा बुरखा फाटू लागलेला असून आतला क्वेसार डोकावताना दिसतो.

दुसरा तडा अधिक खोल. सर्प तारकासमूहात पंचवीस कोटी प्रकाशवर्षांवर आर्प 220 आहे. हॉल्टन आर्प यांनी 1966 साली वेड्यावाकड्या दीर्घिकांची जी चित्रवही छापली, तिच्यातली ही दोनशे विसावी. दोन दीर्घिका मिसळून एक होत आहेत. दोघींचे गाभे आता केवळ बाराशे प्रकाशवर्षांवर येऊन ठेपले आहेत. तिची उष्णता किती हे शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगतात. पण ती उष्णता कोणाची? आत एखादा दडलेला क्वेसार आहे, की धुळीच्या पोटात नव्या ताऱ्यांचा सुकाळ झाला आहे? खाकी कंदिलाच्या भाषेत बोलायचे तर, आत एक मोठा दिवा आहे की शंभर पणत्या? तळहात एवढेच सांगतो की गरम आहे. धूळ कितपत तापली आहे यावरून काही अंदाज बांधता येतो, कारण क्वेसारालगतची धूळ अधिक तापते. धुळीतून आरपार येणारे क्ष-किरण पाहता येतात: चंद्रशेखरांच्या नावाने फिरणाऱ्या दुर्बिणीने 2002 साली एनजीसी 6240 या दुसऱ्या अशाच दीर्घिकेच्या पोटात एक सोडून दोन कृष्णविवरे दाखवली. रेडिओलहरींनाही धूळ अडवत नाही. आपल्या नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या त्याच लहरी ऐकत असतात. इतके डोळे लावूनही आर्प 220 च्या बाबतीत ताऱ्यांचे पारडे जड दिसते, तरी आत क्वेसार नाहीच असे म्हणायला कोणी धजत नाही. चाळीस वर्षे झाली. मला या न धजण्याचे फार कौतुक वाटते.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, दिवाळीच्या फराळाबरोबर ही धूळ कशाला? तर माझा प्रश्न आकाशाचा नाही. जे झाकलेले आहे ते आपल्याला दिसले नाही, हा आपला अपराध की नाही? आणि ऊब लागल्यावर आत काय आहे हे आपणच ठरवून टाकले, तर तो पहिल्यापेक्षा लहान अपराध की मोठा?

आमच्याच भागाकडे पाहा. 1945 पूर्वी मुंबईला डहाणू-उंबरगावचे जंगल ठाऊक होते ते गवताच्या गंजींवरून आणि लाकडावरून. ते गवत ज्या वेठीने कापले जाई ती वेठ मुंबईला दिसत नव्हती. गवत मात्र दिसत होते, रोज. तळहात लावला असता तर कळले असते. तलासरीजवळच्या झरी गावी 23 मे 1945 रोजी हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे म्हणाले, तेव्हा लोकांना ‘अचानक’ काही घडल्यासारखे वाटले. गोदावरी परुळेकरांनी ते सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. ही झाली न पाहण्याची गोष्ट. पुढे 1970 नंतर, भास्कर कुलकर्णींसारख्यांच्या खटपटीने, वारल्यांची चित्रे शहराला दिसली. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर झाले, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते योग्यच झाले. परंतु आता असे झाले आहे की, चहाच्या कपावर दोन त्रिकोणांचा माणूस पाहिला की वारली कळला असे आपल्याला वाटते. भिंतीवर चौक कोण लिहिते, कोणत्या लग्नाला, त्या तांदळाच्या पिठाला त्या घरात तेव्हा किंमत किती होती, हे विचारायचे राहून जाते. पूर्वी आपल्याला आत काहीच दिसत नव्हते. आता आपल्याला हवे तेच दिसते.

हे मी दुसऱ्यांना ऐकवावे असा माझा अधिकार नाही. तेच आता सांगतो.

ती दिवाळी सरली आणि त्याच नोव्हेंबरात डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. एक मोठा धक्का बसून मिटले असते तर माणसांनी सोसले असते. हे धक्के लहान लहान, पण थांबेनात. आधी खाणीत सुरुंग उडावा तसा आवाज, मग पायाखाली थरथर. धुंदलवाडीचे नाव रोज वर्तमानपत्रांत येऊ लागले. 1 फेब्रुवारी 2019 ला एका दिवसात कित्येक धक्के बसले, त्यांतला मोठा 4.1 तीव्रतेचा. हैदराबादहून शास्त्रज्ञ येऊन यंत्रे बसवून गेले. कुडाच्या, विटांच्या भिंतींना चिरा गेल्या आणि ऐन थंडीत पाडेच्या पाडे अंगणात, तंबूत झोपू लागले. वर्गही आम्ही झाडाखाली भरवू लागलो. जमिनीच्या पोटात काय आहे ते कोणालाच दिसत नव्हते. सारा तालुका जणू तळवा टेकून बसला होता.

आठवीत एक मुलगी होती. नाव येथे देत नाही. दिवाळीपूर्वी ती चारचौघींसारखी होती, नंतर मात्र पहिल्या तासालाच मान टाकून झोपू लागली. मी दोनदा उठवले, तिसऱ्यांदा चारचौघांत बोललो. “झोपायचे असेल तर घरी झोपत जा,” म्हणालो. ती काही बोलली नाही. ज्या काळात घरात झोपायची सोय उरली नव्हती त्या काळात मी हे वाक्य बोललो, हे माझ्या ध्यानात त्या रात्री डहाणूला, माझ्या न हललेल्या घरात, पाठ टेकल्यावर आले.

पुढे एके दिवशी तिच्या दप्तरातून एक घडी केलेला खाकी कागद खाली पडला. मी उचलून उघडला. त्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके होते. शेकडो. काही मोहरीएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, चारपाच हरभऱ्याएवढे. कोठे गर्दी, कोठे विरळ, आणि माणूस, झाड, पक्षी काही म्हणजे काही नाही. मी थक्क झालो. जिच्यावर मी खेकसलो त्या धुळीआड हे होते तर! मला आकाश दिसले, प्रतिभा दिसली, आणि अर्थातच तिला ओळखणारा मी दिसलो. तो कागद तिला न विचारता मी घेतला, पांढऱ्या पुठ्ठ्यावर डकवला आणि शाळेच्या दर्शनी फलकावर लावला. खाली ‘तारांगण’ असे नाव लिहिले. परिपाठाच्या वेळी सर्वांपुढे तिला उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या. तिला चित्रकलेच्या परीक्षेला बसवायचे, फी मी भरायची, इथवर बेत झाले. ती खाली मान घालून उभी होती. मी मनात म्हटले, लाजते आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठवडा गेला तेव्हा मी तिच्या पाड्यावर गेलो. वडील गुजरातेत मासेमारीच्या बोटीवर, आई कारखान्यात रात्रपाळीला. अंगणात प्लास्टिकच्या कापडाचा तंबू, त्यात आजी आणि दोन धाकटे भाऊ. मला बसायला फळी दिली. बोलता बोलता शेवटची एस.टी. चुकली आणि मी तेथेच राहिलो. नऊ-साडेनऊच्या सुमारास सप्तर्षी ईशान्येला पुरे वर आले. मार्केरियन 231 त्याच बाजूला. तिला ते सांगावे असे फार वाटत होते. आजी आणि पोरे झोपली. ती झोपली नाही. तंबूच्या तोंडाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली.

“झोपत का नाहीस?”

“मी जागी असते, गुरुजी. आजीला ऐकू येत नाही. पोरं आत उबेला झोपली की उठत नाहीत. भिंत या बाजूला आहे.”

तिने दाखवलेली भिंत मी तोवर नीट पाहिलीच नव्हती. तिला वरपासून खालपर्यंत चीर होती, आणि तंबू तिच्यापासून फार दूर नव्हता, कारण अंगणच तेवढे होते.

मध्यरात्रीनंतर कधीतरी तो आवाज आला. मी बसल्या जागी गोठलो. ती केव्हाच उठून एका हाताने एका भावाला, दुसऱ्याने दुसऱ्याला उघड्यावर ओढत होती. फळी थरथरली, कुत्री भुंकली, आणि सारे पुन्हा शांत झाले. पोरांना तिने परत आत निजवले. मग सवयीने तिचा हात तंबूच्या कोपऱ्यातल्या वाटीकडे गेला. वाटीत पांढरा रंग होता, वर काडी. हात तेथे जाऊन थांबला आणि मागे आला.

मला तेव्हा कळले. कोणती रात्र, किती धक्के, कोणता मोठा, कोणता लहान, सारे त्या कागदावर होते. कागद ज्या दिवशी फलकावर गेला त्या दिवसापासून तिला ठिपके कोठे ठेवावेत ते समजेना. नवा कागद सुरू केला तर मागचे आणि पुढचे जुळणार कसे? शाळेत यायला तिला संकोच नव्हता. शाळेच्या दारातच तो कागद होता, आणि त्यावर आपण लिहिलेले नसलेले नाव होते.

मी तिची क्षमा मागितली. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे ती मला धड मागता आली नाही आणि तिला धड ऐकता आली नाही. ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, तो कागद काढून द्याल का? आठ दिवसांचे राहिलेत. माझ्या ध्यानात आहेत.”

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मी शाळेत गेलो. पुठ्ठ्यावरून कागद सोडवायला पाण्याचा हात लावावा लागला. खळ पक्की बसली होती. एका कोपऱ्यातले सातआठ ठिपके पुसट झाले. ते कोणत्या रात्रीचे होते हे तिलाच विचारावे लागणार होते.